लालबागच्या गच्चीवरून गुरूचे पट्टे टिपता येतात, मग आपल्या गावातून का नाही?

होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चंद्राचा एक फोटो आला. अर्धा चंद्र, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे एकेक करून मोजावेत इतके स्पष्ट. खाली लगेच काकांची विचारणा, "कुठून डाउनलोड केलास रे?" फोटो पाठवणारा माझा मावसभाऊ लालबागला चाळीत राहतो. त्याने तो चाळीच्या गच्चीवरून, मध्यम आकाराच्या दुर्बिणीला मोबाईल लावून काढला होता.

ग्रुपवर कुणाला ते पटेना. मुंबईत तारे दिसत नाहीत हे आपण सगळे बघून आलोय. आपल्याकडे रात्री लाइट गेली की अंगणातून आकाशगंगा दिसते, तरी गावातून असा फोटो कुणी काढलेला नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "एवढी मोठी दुर्बीण कुठंय आपल्याकडे?" पुढे कामानिमित्त मुंबईला जाणं झालं, तेव्हा दोन रात्री त्याच्यासोबत गच्चीवर बसलो. तिथे कळलं की आपला अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतोय. चंद्र आणि ग्रहांच्या फोटोला काळोख लागत नाही, आणि फार मोठी दुर्बीणही लागत नाही. लागते ती स्थिर हवा. ती आपल्या हातात नसते, पण तिच्यावर उपाय आहे.

उजेडाचा त्रास कुणाला होतो?

शहराच्या उजेडाने आकाश पांढुरकं होतं आणि अंधुक गोष्टी त्यात बुडतात. तेजोमेघ, दूरच्या दीर्घिका, आकाशगंगेचा पट्टा हे सगळं लालबागहून दिसत नाही. म्हणूनच मुंबईतलं खगोल मंडळ, जे १९८५ साली हॅलेच्या धूमकेतूच्या काळात सुरू झालं, आपले रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम बदलापूरच्या पुढे वांगणीला करत आलंय.

चंद्राचं तसं नाही. चंद्रावर थेट सूर्याचं ऊन पडतं, म्हणजे तो उन्हातला दगडच आहे. त्याचा फोटो सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागात निघतो. एवढ्या वेळात शहराचा उजेड कॅमेऱ्यात फारसा उतरतच नाही. गुरू, शुक्र, मंगळ, शनी यांचंही तेच. मावसभाऊ म्हणाला, "दादा, तुमच्याकडे अंधार आहे हे खरं, पण चंद्राला अंधार लागतच नाही."

शहरामुळे वेधशाळेचं काम हलवावं लागल्याचं उदाहरण मुंबईतच आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या विजेमुळे मोजणीत गडबड होणार हे ओळखून ते काम १९०४ साली अलिबागला नेलं. चुंबकाच्या सुईला शहर सोसवलं नाही. चंद्राचा फोटो काढणाऱ्याला मात्र गच्ची सोडायची गरज नाही.

खरी अडचण हवेची

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून लांबचं वाहन बघितलं की ते थरथरताना दिसतं. ओढ्याच्या वाहत्या पाण्यातून तळाचा दगड हलल्यासारखा वाटतो. दुर्बिणीतून चंद्र बघताना हेच होतं. गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळत असतात, त्यातून येणारा प्रकाश सारखा वाकतो आणि चित्र डळमळतं. तारे लुकलुकतात तेही याचमुळे.

हे डळमळणं मोजायचं कसं? पंचांगात अंश, कला, विकला असतात ना, तेच माप. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. दहा रुपयांचं नाणं सुमारे साडेपाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढी एक विकला. म्हणजे सीएसएमटी स्टेशनवर ठेवलेलं नाणं करी रोडहून बघण्यासारखं. १२ सेंटिमीटरच्या आसपास आरसा असलेली दुर्बीण एक विकलेइतकं बारीक दाखवू शकते. पण शहरातली हवा साधारण रात्री दोन ते चार विकलांनी चित्र पुसट करते. त्यामुळे दुर्बीण आणखी मोठी घेतली तरी त्याच रात्री, त्याच गच्चीवर दुप्पट बारीक दिसेल असं नाही.

चंद्रावर एक विकला म्हणजे जवळपास १.९ किलोमीटर. दोन विकलांची हवा असेल तर चार किलोमीटरपेक्षा लहान काही दिसणार नाही, म्हणजे चिंचपोकळी ते दादर एवढं अंतर चंद्रावर एक ठिपका. चांद्रयान ३ उतरल्यापासून, म्हणजे २३ ऑगस्ट २०२३ पासून, गच्चीवर येणारा प्रत्येक जण विचारतो, "विक्रम दिसतं का?" नाही दिसत. दोन मीटरची वस्तू चंद्रावर एका विकलेच्या हजाराव्या भागाएवढी होते. पृथ्वीवरच्या कुठल्याच गच्चीवरून ती दिसणार नाही.

हवेचा आणखी एक नियम लक्षात ठेवा. ग्रह डोक्यावर असेल तेव्हा त्याचा प्रकाश सगळ्यात कमी हवेतून येतो. क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर दुप्पट हवेतून, आणि १५ अंशांवर असेल तर जवळपास चौपट. यात आपण नशीबवान आहोत. मुंबई १९ अक्षांशावर आहे, त्यामुळे ग्रह आपल्याकडे मध्यावर आले की साधारण ४७ अंश तरी वर असतात, कधी अगदी डोक्यावरून जातात. लंडनला तेच ग्रह काही वर्षं जेमतेम १५ अंशांपर्यंत चढतात. हा फायदा मुंबईला आहे तसाच पूर्ण महाराष्ट्राला आहे.

गच्ची, मैदान की चौपाटी?

पहिली चूक बहुतेक सगळे करतात. चाळीच्या गॅलरीतून किंवा खिडकीतून दुर्बीण लावतात. खोलीतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडत असते आणि चंद्र तिच्यातूनच बघायचा असतो. शिवाय जुन्या चाळीची लाकडी गॅलरी शेजारी कुणी चाललं तरी हलते, आणि १०० पट मोठ्या केलेल्या चित्रात ती हालचालही १०० पट होते.

गच्ची बरी, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो. संध्याकाळी सातला जे चित्र उकळतं, ते अकरानंतर बरंच शांत होतं. पहाटे तर आणखी. समोर एसीची बाहेरची यंत्रं किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर त्यांच्यावरून बघायचं टाळायचं. लालबाग-परळला आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत, त्यांच्या काँक्रीटचीही ऊब असतेच.

दादरला शिवाजी पार्कसारखं मोकळं मैदान असेल तर माती स्लॅबपेक्षा लवकर थंड होते. गिरगाव चौपाटीवरून पश्चिमेला समुद्रावर शुक्र किंवा कोवळी चंद्रकोर छान दिसते. फोटो बघायला सुंदर येतो, पण बारकावे कमी, कारण तिथे बघतोय ते क्षितिजाजवळचं.

थंडीतलं धुरकट आकाश बघून निराश होऊ नका. धूर आणि धुळीने चंद्र मंद होतो, पण वारा पडलेला असतो तेव्हा ती हवा बऱ्याचदा स्थिर असते. उलट पाऊस पडून गेल्यावर आकाश काचेसारखं स्वच्छ दिसतं, तारे जोरात लुकलुकतात, आणि फोटो मात्र खराब येतात. जोरात लुकलुकणारा तारा म्हणजे डळमळती हवा, एवढी खूण पुरे.

आणि शेजाऱ्यांचं काय? दाट वस्तीत रात्री गच्चीवर दुर्बीण दिसली की लोकांना शंका येणारच, समोरच्या खिडकीत बघतोय की काय. मावसभावाने पहिल्याच आठवड्यात मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून चंद्र दाखवला. सेक्रेटरीकाकांना शनीची कडी दाखवली. त्यानंतर गच्चीची किल्ली मागावी लागली नाही.

हजारो फोटोंतून एक फोटो

आता मुख्य उपाय. हवा सारखी डळमळते, पण मध्येच एखादा क्षण ती थांबते. सेकंदाच्या छोट्याशा भागापुरतं चित्र एकदम स्वच्छ होतं. डोळ्याने बघणाऱ्यालाही हे जाणवतं. तो क्षण बटण दाबून पकडता येत नाही, म्हणून फोटो न काढता व्हिडिओ काढायचा. दोन मिनिटांच्या व्हिडिओत, सेकंदाला ३० या हिशेबाने, ३,६०० चित्रं येतात. त्यातली बहुतेक वाया जातात, काही चांगली असतात. चांगली निवडायची, एकावर एक बसवायची आणि त्यांची सरासरी काढायची.

अशी 'नशिबाची' चित्रं मिळण्याची शक्यता किती, याचं गणित डेव्हिड फ्रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७८ साली मांडलं. पुढे स्वस्त वेबकॅम आले आणि हौशी लोकांनी तीच युक्ती घरोघर वापरली. आज ही निवड संगणक करतो. पिप, ऑटोस्टॅकर्ट, रेजिस्टॅक्स हे प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

सरासरी काढल्याने काय होतं? अंधारात काढलेल्या फोटोत जे रवाळ दाणे दिसतात ते प्रत्येक चित्रात वेगवेगळ्या जागी असतात. १०० चित्रं एकत्र केली की ते दाणे दहापट कमी होतात. ३,६०० मधली उत्तम दहा टक्के, म्हणजे ३६० घेतली, तर जवळपास १९ पट. मग चित्र थोडं धारदार करता येतं. 'थोडं' हा शब्द महत्त्वाचा. जास्त धार दिली की खड्ड्यांना पांढऱ्या कडा येतात आणि चंद्र प्लास्टिकचा वाटतो.

ही पद्धत किती लांब नेता येते याचं उदाहरण पुण्यातलं आहे. मे २०२१ मध्ये, ऐन कोरोनाच्या काळात, पुण्यातल्या १६ वर्षांच्या एका मुलाने एका रात्रीत टिपलेल्या चंद्राच्या ५०,००० हून जास्त चित्रांमधून एकच फोटो तयार केला. त्याचा डेटा १८६ जीबी झाला होता. देशभरच्या बातम्यांत तो फोटो आला. तोही शहरातूनच काढलेला.

मोबाईलने करायचं असेल तर क्रम असा :

१. दुर्बीण निदान अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा. आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला वेळ लागतो. एसीच्या खोलीतून काढली तर काचेवर लगेच बाष्प धरतं.

२. आयपीसला मोबाईल पकडणारा होल्डर घ्या. हाताने धरून होत नाही.

३. स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड कमी करा. चंद्र पांढरा फटक दिसला तर त्यातलं काहीच हाती लागत नाही.

४. मोबाईलला हात न लावता, टायमरने किंवा इअरफोनच्या बटणाने व्हिडिओ सुरू करा.

५. स्टँड आपोआप फिरणारा नसेल तरी चालेल. पृथ्वी फिरते म्हणून चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. त्याला एका कडेला ठेवा, दुसऱ्या कडेपर्यंत जाऊ द्या, परत आणा. संगणक चित्रं जुळवून घेतो.

चंद्र तिथी बघून निवडा

कोजागिरीच्या चंद्राचा फोटो सगळे काढतात आणि सगळ्यांचा सपाट येतो. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, म्हणून खड्डे-डोंगर उठून दिसत नाहीत. त्या दिवशी दक्षिणेकडच्या टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे तेवढे बघावेत.

शुद्ध तृतीयेला कोर दिसते आणि अंधारा भागही पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाने मंद उजळलेला असतो. शुद्ध षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरं एका ओळीत दिसतात. अष्टमी-नवमीला अपेनाइन पर्वतरांग आणि दीडशे किलोमीटरचं टॉलेमियस. दशमीच्या सुमारास कोपर्निकस, ९३ किलोमीटर रुंद. सीएसएमटी ते कर्जत हा रेल्वेचा १०० किलोमीटरचा प्रवास जवळपास त्यात मावेल.

संकष्टीला आपण चंद्रोदयाची वाट बघतोच, पण तेव्हा चंद्र क्षितिजाजवळ असतो. उपास सोडा, फोटो दोन-तीन तासांनी काढा. माघ, फाल्गुन आणि चैत्र या महिन्यांत शुद्ध अष्टमीचा चंद्र संध्याकाळी जवळपास डोक्यावर असतो आणि आकाशही मोकळं असतं. नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी.

ग्रहांना जास्त धीर लागतो

चंद्राची रुंदी १,८०० विकलांच्या आसपास. गुरू सगळ्यात जवळ असतानाही ५० विकलांपर्यंत, शनीचं बिंब २० पर्यंत. म्हणजे चंद्राच्या रुंदीत जवळपास ३६ गुरू मावतील. म्हणून ग्रहांचा पहिला फोटो हा एक पांढरा ठिपकाच येतो, आणि तिथेच बरेच जण सोडून देतात.

गुरूचे पट्टे हवे असतील तर उजेड कमी करत जा, पट्टे दिसेपर्यंत. त्या वेळी गुरूचे चार चंद्र नाहीसे होतात. ते हवे असतील तर वेगळा व्हिडिओ काढा. गुरू स्वतःभोवती १० तासांच्या आतच फिरतो, त्यामुळे व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका, नाहीतर ठिपके फिरून पुसट होतात. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला अगदी आडवी दिसत होती, आता ती वर्षागणिक उघडत जातील.

गुरू दर १३ महिन्यांनी, शनी दर साडेबारा महिन्यांनी आणि मंगळ दर २६ महिन्यांनी सूर्याच्या बरोबर समोर येतो. तेव्हा तो रात्रभर दिसतो आणि सगळ्यात मोठा असतो. मंगळावरून एक खुलासा. "ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा मेसेज दरवर्षी फिरतो. तो २००३ सालचा आहे. त्या ऑगस्टमध्ये मंगळ खरंच खूप जवळ आला होता, तरी तो २५ विकलांचाच होता. मूळ मेसेजमध्ये ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीची गोष्ट होती. ती पुढे पाठवताना गळाली.

पैसे टाकण्याआधी

मावसभावाची पहिली दुर्बीण ऑनलाइन घेतलेली होती. खोक्यावर "५२५ पट" लिहिलेलं. ७६ मिलिमीटरचा आरसा आणि काडीसारखा स्टँड. वारा आला की गुरू नाचायचा. हिशेब सोपा आहे : आरशाच्या किंवा भिंगाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, एवढंच मोठं करण्यात अर्थ असतो. ७६ ला दीडशे पट झाले. त्यापुढे चित्र फक्त मोठं आणि अंधुक होतं. दुकानदाराला 'किती पट' विचारू नका. आरसा किती मिलिमीटरचा आणि स्टँड किती भक्कम, हे विचारा. शक्य असेल तर आधी एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमात जाऊन दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. मुंबईत खगोल मंडळ आहे, वरळीला १९७७ पासूनचं नेहरू तारांगण आहे, पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे.

कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत काचेला बुरशी लागते. पावसाळ्यात दुर्बीण कपाटात बंद ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा. आरसा कपड्याने पुसू नका.

आणि एक गोष्ट मुलांना बजावून सांगा. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. साध्या भिंगाने कागद जळतो, दुर्बिणीने डोळा क्षणात कायमचा जातो. दिवसा दुर्बीण झाकून ठेवा.

मग आपल्या गावात काय?

मुंबईच्या गच्चीवर जे जमतं ते इथे जमायला हरकत नाही. नियम तेच. पत्र्याच्या छपरावरून बघू नका, चुलीच्या धुराच्या वाऱ्यात बसू नका, खळ्यात किंवा मोकळ्या शेतात बसा, चंद्र वर येऊ द्या. शाळेत एक दुर्बीण असेल आणि ती कपाटात पडून असेल तर शुद्ध अष्टमीला ती बाहेर काढायला सांगा. पोरांच्या हातात मोबाईल आहेतच.

शिवाय आपल्याकडे जे आहे ते लालबागला नाही. जुन्नर भागात गिरवलीच्या डोंगरावर आयुकाने २००६ साली दोन मीटर आरशाची दुर्बीण बसवली, ती गावाकडच्या अंधारासाठीच. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातला पहिला 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे उजेड खाली पडेल असे बदलले. आपल्याकडे मात्र चौकाचौकात हायमास्ट लागतायत आणि त्यांचा बराच उजेड आभाळात जातो. दिवा हवाच, पण त्याला वरून झाकण लावा, एवढं ग्रामसभेत सांगता येईल. खर्च फार नाही आणि खाली उजेडही वाढतो.

काकांनी अजून फोटोवर विश्वास ठेवलेला नाही. यंदा गणपतीला मावसभाऊ दुर्बीण घेऊन गावी येतोय. चतुर्थीचा चंद्र आपण बघत नाही, आणि भाद्रपदात ढगही असतात. पण अष्टमीपर्यंत थोडं आभाळ उघडलं तर अंगणातच काकांना बसवून त्यांच्याच मोबाईलवर व्हिडिओ काढायचं ठरलंय.